हिंगण्याहून मुरुडला, खाडीखाडीने

कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. १९०० साली प्लेगच्या दिवसांत धोंडो केशव कर्वे यांनी विधवांचा आश्रम पुण्यातून इथल्या माळावर हलवला. सुरुवातीला होती एक झोपडी. फर्ग्युसनमधले गणिताचे तास आटोपले की कर्वे तिथे पायी जात. चालणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, कारण त्यांचं गाव होतं दापोली तालुक्यातलं मुरुड, आणि त्या काळी मुरुडच्या माणसाला बाहेर पडायचं तर समुद्र किंवा पाय, एवढेच दोन मार्ग होते.

कर्वेनगरातून सायकलने मुरुडला जायचा बेत मुळात या एका माणसापायी सुचतो. पण नकाशा उघडला की लक्षात येतं, त्याच पट्ट्यात श्रीवर्धन आहे, जिथून भट घराणं निघालं आणि पुढे पेशवाईवर आलं. तिथून खाडीपलीकडे वेळास, नाना फडणवीसांचं गाव. दापोली तालुक्यातलंच चिखलगाव टिळकांचं, पालगड साने गुरुजींचं. ज्या माणसांनी पुण्याला पुणेपण दिलं त्यांतली कितीतरी या शे-सव्वाशे किलोमीटरच्या किनाऱ्यावरून वर आली. आपण त्या वाटेने उलटं जायचं.

चांदणी चौक, पिरंगुट, पौड हा टप्पा पहाटे उरकावा, कारण उजाडल्यावर ट्रक आणि डंपर सुरू होतात. खरा रस्ता मुळशीपासून लागतो. धरणाच्या पाण्याच्या कडेने जाताना ज्या गावांवरून हे पाणी पसरलं त्यांची आठवण ठेवावी. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी. पुढे ताम्हिणी. पुण्याकडून जाताना हा घाट उतरण्याचा आहे, आणि तिथेच नवखे सायकलस्वार फसतात. सामान लादलेल्या सायकलला उतारावर सतत ब्रेक धरून ठेवले की रिम तापते. ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, आणि वळणाआधी वेग कमी करून घ्यावा. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर बदलणं हा या प्रवासातला सगळ्यात स्वस्त विमा आहे. खाली विळे, निजामपूर, माणगाव. हवा जड होते, शर्ट पाठीला चिकटतो. माणगावात मुक्काम केला तर दुसरा दिवस म्हसळ्यावरून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरासाठी मोकळा मिळतो.

हरिहरेश्वराजवळच बागमांडला. इथे रस्ता संपतो आणि सावित्रीची खाडी सुरू होते. पलीकडे वेसवी. मधे फेरीबोट, जिला या भागात जंगलजेटी म्हणतात. बोट धक्क्याला लागते, पुढचा लोखंडी फळा साखळ्यांवरून खाली येतो आणि ओल्या सिमेंटवर टेकतो. आधी उतरणारी वाहनं, मग चढणारी. सायकलवाल्याने इथे उतरून चालावं, कारण फळ्याखालच्या सिमेंटवर शेवाळ असतं आणि अरुंद टायर त्यावर क्षणात घसरतो. आत एका बाजूला कठड्याला सायकल टेकवायची. शेजारी मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, एसटीची वाट न पाहता निघालेली शाळकरी पोरं, मुंबईच्या गाड्या. काही मिनिटांचा प्रवास, पण ही फेरी नसती तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलाचा लांबलचक वळसा पडला असता. दाभोळ-धोपावे ही अशीच फेरी २००३ मध्ये सुरू झाली, आणि अशा फेऱ्यांमुळेच कोकणची सागरी वाट सायकलस्वारांसाठी सलग होत गेली.

रस्ता जिथे जिथे असा तुटतो तिथे तिथे इतिहास साठलेला आहे, हे या प्रवासात हळूहळू उमगतं. खाडीचं मुख म्हणजे बंदर, बंदर म्हणजे जकात, आणि जकातीच्या राखणीला किल्ला. वेसवीहून बाणकोटच्या हिंमतगडाकडे चढताना सावित्रीचं मुख पायाखाली येतं आणि हे गणित डोळ्यांनी दिसतं. १७५५ मध्ये मराठी आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. कमोडोर विल्यम जेम्सने तोफा डागून हर्णैचा सुवर्णदुर्ग पाडाव केला. किल्ला पेशव्यांना मिळाला आणि इंग्रजांच्या पदरात पडलं बाणकोट, ज्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. आपल्याच आरमाराचा कणा आपण मोडला तो इथे, असं माझं ठाम मत आहे. जेम्स मेल्यावर त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. मनोरा आजही उभा आहे.

वेळासला नाना फडणवीसांइतकंच आता कासवांसाठी लोक येतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्लं समुद्रात सोडतात. गावात घरगुती राहणं-जेवण मिळतं, आणि दमलेल्या सायकलस्वाराला कुळथाचं पिठलं-भात यापरतं दुसरं काही लागत नाही.

वेळासपासून पुढची लय एकदा पायांना कळली की कोकण कळलं. खाडीवरून चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, सड्यावर भणाणता वारा, मग झाडीतून सरळ उतार, खाली नारळी-पोफळीची आगरं आणि पुळण, पुन्हा खाडी, पुन्हा चढ. घाटासारखे लांब चढ इथे नाहीत. आखूड आहेत, पण अंगावर येणारे, आणि दिवसभरात त्यांची बेरीज घाटाच्या तोडीस तोड होते. म्हणून मागच्या चाकाला मोठी कॅसेट, म्हणजे मोठ्या दातेरी चक्रांचा संच, हवी. नुसत्या मांड्यांच्या जोरावर सामानासकट केळशी ते आंजर्ले करायला गेलेला माणूस उंबरशेतच्या आधीच सायकल ढकलताना दिसतो. शिवाय रोज संध्याकाळी चेन पुसून तेल द्यायला विसरू नये. खारा वारा एका रात्रीत गंज चढवतो.

केळशीला वाळूची एक उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी ती अभ्यासली आणि जुन्या काळातल्या त्सुनामीने ती रचली असावी, असं मत मांडलं. १५२४ मध्ये दाभोळच्या आसपास वास्को द गामाच्या ताफ्याला समुद्रातल्या भूकंपाचे धक्के बसल्याची नोंद आहे, आणि तिची या टेकडीशी सांगड घातली जाते. सायकल उभी करून त्या वाळूचे थर पाहण्यात अर्धा तास जावा, इतकी ती जागा मोलाची आहे. पुढे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग हर्णै. मासळीचा लिलाव, समुद्रात उभ्या बोटींपासून किनाऱ्यापर्यंत माल वाहणाऱ्या बैलगाड्या, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

मग मुरुड. आता रिसॉर्ट आणि वॉटर स्पोर्ट्सच्या पाट्यांनी भरलेलं. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला आणि याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईला भेटायला येणंसुद्धा अवघड झालं. हिंगण्याचा माळ का लागला याचं उत्तर या गल्ल्यांतून हळू चालताना मिळतं, आणि दुर्गादेवीच्या देवळाच्या नक्षीदार लाकडी खांबांपाशी थांबणाऱ्या पर्यटकांना ते कोणीतरी सांगायला हवं.

परतीसाठी मी कुंभार्ली घाट सुचवीन. दाभोळहून फेरीने धोपावे, तिथून चिपळूण, घाट चढून कोयना, पाटण, सातारा. १८७५ च्या सुमारास किशोरवयातले कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला याच बाजूने शंभराहून जास्त मैल चालत गेले. पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद होता. साताऱ्याला पोहोचले तर परीक्षकांनी त्यांची चण पाहून वय कमी ठरवलं आणि बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला परीक्षा दिली. कुंभार्लीवर अवजड वाहनं फार असतात, तेव्हा पहाटेच निघावं आणि मागे लाल दिवा लावल्याशिवाय चढू नये.

आता पुलांविषयी. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांनी कल्पिलेला रेवस-रेड्डी सागरी महामार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा. त्याच्या नव्या आराखड्यात आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला दवाखाना आणि कॉलेज लवकर गाठायचं असेल तर पूल हवेतच. रात्री फेरी बंद झाल्यावर आजारी माणसाला घेऊन धक्क्यावर अडकणं काय असतं ते तिथल्यांना विचारावं. माझा आग्रह इतकाच आहे की पुलाच्या आराखड्यातच सायकल आणि पादचाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी असावी, आणि गाड्या पुलावरून गेल्या तरी धक्के मोडून न टाकता लहान लाँच चालू राहाव्यात. युरोपात नॉर्वेपासून पोर्तुगालपर्यंत अटलांटिकच्या कडेने युरोव्हेलो १ हा सायकलमार्ग जातो. त्यात फेऱ्यासुद्धा मार्गाचाच भाग धरल्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी मार्गाच्या क्रमांकाच्या पाट्या आहेत. श्रीवर्धन ते दाभोळ एवढ्या टप्प्यावर अशा पाट्या लावायला फार खर्च येणार नाही. पेशव्यांचं गाव, नानांचं गाव, कर्व्यांचं गाव असा त्यांवर मजकूर असावा. दर हिवाळ्यात पुण्याहून सायकलींचे जथे कोकणात उतरतात. त्यांच्या क्लबांनी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि रस्ते विकास महामंडळाकडे ही मागणी लेखी करावी. पुलांचे खांब उभे राहिल्यावर रुंदी वाढत नाही, त्यामुळे ही मागणी आत्ताच करावी लागेल.