पॅक चढवताना

रात्रपाळीत रुजू झालो आणि पहिलं शिकलो ते पॅक चढवायला. मुंबईतल्या आमच्या मशीन रूममध्ये आयबीएम १४०१ संगणक होता आणि त्याला १३११ डिस्क ड्राइव्ह जोडलेले. कमरेइतक्या उंचीची ही लोखंडी पेटी आयबीएमने १९६२ साली बाजारात आणली. तिचं वैशिष्ट्य एकच, पण मोठं: आतल्या तबकड्या काढून दुसऱ्या घालता येत.

पॅक म्हणजे एका दांड्यावर ओवलेल्या सहा तबकड्या, १४ इंच व्यासाच्या, तपकिरी लेपाच्या. अगदी वरची आणि अगदी खालची बाजू कोरी, म्हणजे लिहायला दहा बाजू. वजन साडेचार किलोच्या आसपास. मावायची २० लाख अक्षरं. आमच्या सगळ्या कामगारांचा पगार एका पॅकमध्ये बसायचा.

पॅक हातात घेतला की आधी खालचं झाकण सोडवायचं. मग घुमटासारख्या पारदर्शक आवरणाची मूठ धरून तो अलगद ड्राइव्हच्या दांड्यावर टेकवायचा आणि मूठ उजवीकडे फिरवत राहायची. पुरता आवळला गेला की आवरण आपसूक हातात येई. अर्धवट आवळलेल्या पॅकवरून ते निघतच नसे. असा शहाणा डबा मी नंतर स्वयंपाकघरातही पाहिला नाही. गार गोदामातून आणलेला पॅक मात्र लगेच चढवायचा नाही, खोलीची हवा त्याला आधी लागू द्यायची.

मिनिटाला १,५०० फेरे, म्हणजे तबकडीच्या काठाचा वेग ताशी १०० किलोमीटर. वाचणारं-लिहिणारं हेड तिला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. अंतर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. मध्ये धुळीचा कण आला की संपलं.

एका रात्री पगाराचा पॅक वाचला जाईना. बारीक करकर ऐकू येत होती. सोबत्याला वाटलं, ड्राइव्ह बिघडला. त्याने तोच पॅक शेजारच्या ड्राइव्हवर चढवला. खरवडलेल्या तबकडीने तिथली हेडंही खाल्ली. मग खात्री करायला म्हणून त्याने पहिल्या ड्राइव्हवर राखीव प्रतीचा पॅक लावला. मी ओरडलो, "अरे, थांब!" तोवर तुटक्या हेडने तोही खरवडला होता. दहा मिनिटांत दोन ड्राइव्ह, दोन पॅक. आवरणाखाली तपकिरी भुकटी साचली होती.

मूळ पंचकार्डं कपाटात होती, म्हणून निभावलं. पगार त्या महिन्यात ७ तारखेला झाला.