जीवरक्षकाच्या हाती काय हवं?

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी जीवरक्षक दिसतो तो बहुधा असा: अंगात पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हात रिकामे. फार तर मागच्या खांबाला एक नारिंगी रिंग टांगलेली असते. त्याला नेमणारे लोक बेपर्वा असतात म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. पैसे खर्च होतात. पण काय घ्यावं याविषयी इतके गैरसमज रूढ आहेत की हवी ती स्वस्त वस्तू राहून जाते आणि महागडी वस्तू येऊन गोदामात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून दगावली. म्हणून खरेदीच्या यादीवर सही करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सरपंच असो, रिसॉर्टचा मालक असो की सोसायटीच्या तलावाचा सेक्रेटरी, पुढच्या गोष्टी नीट समजून घ्याव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.

“पट्टीच्या पोहणाऱ्याला साहित्य कशाला?”

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घातक गैरसमज. बुडणारा माणूस “वाचवा, वाचवा” असं ओरडत हात हलवतो, हे चित्र सिनेमाने आपल्या डोक्यात घातलं आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या लोकांचं चित्रीकरण करून बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा वेगळंच दिसलं. माणूस पाण्यात उभा असतो, डोकं मागे गेलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होत असतं. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कुठून? दोन्ही हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, ते त्याच्या ताब्यात नसतात. हे 20 ते 60 सेकंद चालतं आणि मग तो खाली जातो.

अशा माणसाजवळ दुसरा माणूस पोचला, की तो हाताला लागेल ते धरतो. गळा लागला तर गळा. त्याच्या मनात काही वाईट नसतं, शरीर स्वतःहून तसं करतं. “वाचवायला गेलेल्या भावाचाही बुडून मृत्यू” ही बातमी आपण दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात वाचतो, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. दंडात कितीही बळ असलं तरी घाबरलेल्या माणसाच्या मिठीतून सुटणं सोपं नाही. म्हणून बुडणारा आणि वाचवणारा यांच्यामध्ये काहीतरी तरंगणारं असायलाच हवं.

ही अक्कल जगाला फार पूर्वी आली. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये 1897 साली हेन्री शेफील्ड यांनी पत्र्याचा, दोन्ही टोकांना निमुळता, तरंगणारा नळा तयार केला. पण पत्रा अंगावर आदळला की इजा व्हायची. 1935 च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या पीट पीटरसन यांनी मऊ, हवेने फुगणारी रेस्क्यू ट्यूब आणली. पुढे हवेची जागा फोमने घेतली आणि पत्र्याची जागा प्लॅस्टिकच्या रेस्क्यू कॅनने.

आजची रेस्क्यू ट्यूब म्हणजे साधारण मीटरभर लांबीची, मऊ फोमची लाल पट्टी. तिला दोन-एक मीटर लांबीचा पट्टा असतो. तो एका खांद्यावरून तिरका घालायचा. धावताना ट्यूब हातात गोळा करून धरायची, म्हणजे पायात अडकत नाही. पोहायला लागलं की ती सोडून द्यायची, ती मागून तरंगत येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बुडणाऱ्यापासून दोन हात अंतरावर थांबायचं आणि ट्यूब पुढे सारायची. आवाज चढवून, पण स्पष्ट सांगायचं, “ही धरा. छातीशी धरा.” माणसाची बोटं फोममध्ये रुतली, की त्याचा चेहरा पाण्याबाहेर येतो आणि पहिल्यांदा खोल श्वास आत जातो. मग पाठीमागून येऊन ट्यूब त्याच्या काखेखालून गुंडाळून बकल लावायचं आणि ओढत किनाऱ्याकडे निघायचं. शुद्ध हरपलेल्या माणसालाही ती गुंडाळता येते. एकाच वेळी दोन-तीन जण गटांगळ्या खात असतील, तर कडक कॅन बरा, कारण त्याला धरायला मुठी असतात.

एका वेळी जितके जीवरक्षक कामावर, तितक्या ट्यूब. दोघांत एक हा हिशेब इथे चालत नाही.

“रिंग आहे, दोरी आहे, लाइफ जॅकेट आहे, आणखी काय हवं?”

या तिन्ही वस्तू उपयोगाच्या आहेत, पण आपापल्या जागी. रिंग मुळात जहाजावरची. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार जहाजावरच्या रिंगचं वजन किमान 2.5 किलो असावं लागतं. धक्क्यावर, होडीवर, तलावाच्या काठावर ती ठीक. लाटांतून पोहत नेताना मात्र ती पाण्याला आडवी येते. आणि जवळून नेम धरून फेकली तर डोक्यात लागू शकते, म्हणून ती माणसाच्या पलीकडे टाकून दोरीने त्याच्याकडे ओढायची असते.

दोरी घेताना दुकानदार मजबूत म्हणून नायलॉनची देतो. नायलॉन मजबूत खरंच, पण ते पाण्यापेक्षा जड, त्यामुळे बुडतं. बुडालेली दोरी बुडणाऱ्याला दिसत नाही आणि होडीच्या पंख्यात अडकते. पॉलिप्रोपिलीनची दोरी पाण्यापेक्षा हलकी, ती वर तरंगते. जीव वाचवण्यासाठी तीच घ्यावी, भडक रंगाची.

लाइफ जॅकेटची गोष्ट थोडी वेगळी. होडीवर, जेट स्कीवर, पुराच्या पाण्यात ते हवंच. पण लाटा फुटतात त्या पट्ट्यात जीवरक्षकाला येणाऱ्या लाटेखालून बुडी मारून पुढे सरकावं लागतं. जॅकेट त्याला खाली जाऊच देत नाही, आणि प्रत्येक लाट त्याला मागे फेकते. म्हणून समुद्रात पोहत जाणाऱ्याच्या अंगात जॅकेट नसतं, हा हलगर्जीपणा नव्हे. पर्यटकांना देण्याच्या जॅकेटांवर 50, 100, 150 असे आकडे असतात. तो न्यूटनमध्ये मोजलेला तरंगण्याचा जोर. 50 चं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदतीपुरतं असतं. शुद्ध गेलेल्या माणसाचं तोंड वर ठेवण्याची खात्री ते देत नाही.

नदी आणि धरणाच्या बाबतीत एक सवय अगदी मोडून काढायला हवी. कमरेला दोरीची गाठ मारून प्रवाहात उतरायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे, आणि काठावरच्यांना त्यात सुरक्षितता वाटते. होतं उलटं. दोरी ताणली गेली की प्रवाहाचा सगळा जोर माणसाच्या पाठीवर येतो आणि तो पाण्याखाली दाबला जातो. गाठ त्या ताणाखाली सुटत नाही, आणि काठावरचे घाबरून आणखी जोरात ओढतात. प्रवाहात दोरीला बांधून जायचंच असेल, तर ओढताक्षणी सुटणाऱ्या पट्ट्याचं खास जॅकेट लागतं आणि त्याचं प्रशिक्षणही. सामान्य पथकासाठी थ्रो बॅग उत्तम. पिशवीत 15 ते 25 मीटर तरंगणारी दोरी भरलेली असते. एक टोक हातात ठेवून पिशवी फेकली की दोरी आपोआप उलगडत जाते. पाण्यात उतरायची गरजच पडत नाही. सह्याद्रीतल्या धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात ती पोलिसांच्या गाडीतही असावी, असं मला वाटतं.

“दुर्बीण जितकी मोठी तितकी चांगली”

दहा-बारा पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि तिच्यातून दिसणारा समुद्राचा तुकडा अगदी लहान असतो. समुद्रावर 7 पटीची, 50 मिलिमीटर भिंगांची दुर्बीण वापरायची जुनी पद्धत आहे, ती याच कारणाने. आणि पहारा ठेवायचा तो नुसत्या डोळ्यांनी. काही संशयास्पद दिसलं की खात्रीपुरती दुर्बीण. त्यापेक्षा पोलराइज्ड गॉगलचा उपयोग जास्त. दुपारनंतर पश्चिम किनाऱ्यावर सूर्य थेट समोर येतो, तेव्हा पाण्यावरच्या चकाकीत डोकी हरवतात, ती चकाकी हा गॉगल कापतो. उंच खुर्ची आणि सावली हीसुद्धा साधनंच आहेत. उन्हाने तापलेल्या माणसाचं लक्ष टिकत नाही.

शिट्टीही साधी चालत नाही. आत गोळी असलेली शिट्टी ओली झाली, वाळू गेली की अडकते. कॅनडातले बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी 1987 मध्ये बिनगोळीची शिट्टी बाजारात आणली, तशी प्लॅस्टिकची घ्यावी. अनेक ठिकाणी खुणा ठरलेल्या असतात: एक फुंकर पोहणाऱ्यासाठी, दोन सहकाऱ्यासाठी, तीन म्हणजे मी पाण्यात उतरतोय.

पायांतल्या फिनबद्दल सांगायचं, तर स्कूबावाल्यांच्या लांब फिन लाटांत अडचणीच्या. आखूड आणि ताठ हव्यात. किनाऱ्यापासून आत वाहणाऱ्या अरुंद प्रवाहात, ज्याला आपण ओढ म्हणतो, पर्यटक सापडतो, तेव्हा फिन घातलेला जीवरक्षक त्याच प्रवाहाचा फायदा घेऊन त्याच्यापर्यंत झटकन पोचतो आणि परतताना बाजूने बाहेर पडतो.

“लाल-पिवळा झेंडा म्हणजे धोका”

लाल रंग दिसला की लोक त्या जागेपासून दूर जातात, आणि नेमकी चूक तिथे होते. वर लाल आणि खाली पिवळा असा आडवा झेंडा सांगतो की इथे जीवरक्षकाची नजर आहे, दोन झेंड्यांच्या मध्येच पोहा. एकटा पिवळा म्हणजे सावध राहा, एकटा लाल म्हणजे मोठा धोका, आणि दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. झेंड्यांशेजारी मराठी आणि हिंदीत अर्थ लिहिलेला फलक नसेल, तर घाटावरून पहिल्यांदाच समुद्र पाहायला आलेल्या माणसाने तो कसा ओळखावा?

“आता ड्रोन आणि रोबो आले, माणसांची गरज कमी”

गोव्यात 2008 पासून दृष्टी मरीन या संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर आहेत. 2023 मध्ये त्यांनी ‘ऑरस’ हा स्वयंचलित रोबो आणि ‘ट्रायटन’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी देखरेख यंत्रणा आणली. पोहायला मनाई असलेल्या भागांत कोणी उतरलं, तर जीवरक्षकांना वेळेत कळावं, हा त्यांचा उद्देश. असल्या यंत्रांचं मी स्वागतच करतो. पण ती इशारा देतात, पाण्यात माणूसच जातो. जेट स्कीचंही तसंच. ती वेगवान आहे आणि बाहेर फिरणारा पंखा नसल्याने बुडणाऱ्याजवळ नेता येते. मात्र मागे ओढायची स्लेड, चालवणारा आणि स्लेडवरचा असे दोन प्रशिक्षित जण, इंधन आणि दर आठवड्याची देखभाल यांचा खर्च धरला नसेल, तर त्याच पैशात ट्यूब, फिन आणि प्रशिक्षण घ्यावं.

“पोट दाबून पाणी काढलं की माणूस शुद्धीवर येतो”

हे सगळ्यांत महत्त्वाचं. बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबणं, पोटावर जोर देणं, पाय धरून उलटं टांगणं हे आपल्याकडे अजून चालतं. त्याने पोटातलं पाणी वर येतं आणि श्वासनलिकेत जायची भीती वाढते. शिवाय मोलाचे क्षण जातात. बुडण्यात हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून आधी श्वास द्यायचा असतो. माणूस श्वास घेत नसेल, तर सुरुवातीला दोन ते पाच श्वास, मग 30 वेळा छाती दाबणं आणि 2 श्वास, हे चक्र, म्हणजे सीपीआर, चालू ठेवायचं. केवळ छाती दाबणारा सीपीआर रस्त्यात अचानक कोसळलेल्या माणसाला चालेल, बुडालेल्याला तो अपुरा पडतो.

आता साहित्याचा मुद्दा. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात, त्यातून तोंडाला फेस आलेला असतो. त्यासाठी पॉकेट मास्क असतो: नाक-तोंड झाकणारा पारदर्शक कप आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. कमरेच्या पिशवीत मावतो आणि त्याची किंमत जेट स्कीच्या एखाद्या फेरीच्या इंधनाएवढी असेल-नसेल. फेस पुसत बसायचं नाही, तो येतच राहतो. त्यातूनच श्वास द्यायचा. फुगा दाबून श्वास द्यायची बॅग दोन सरावलेले जण असतील तेव्हाच नीट चालते, एकट्याला मास्कच सोपा. ऑक्सिजनचा सिलिंडर शक्य तिथे जरूर ठेवावा.

एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, हल्ली देणगीदार हौसेने देतात. चांगली गोष्ट आहे. पण बुडालेल्यांच्या हृदयाची स्थिती बहुतेकदा झटक्याने सुधारणारी नसते, त्यामुळे यंत्र आणेपर्यंत श्वास देणं थांबवू नये. लावताना छाती कोरडी करायची, म्हणून त्या पेटीत टॉवेल हवा. मणक्याची फळी आणि मानेचा पट्टाही सरसकट लागत नाही. अमेरिकेत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2,244 बुडालेल्यांपैकी केवळ 11 जणांच्या मानेच्या मणक्याला इजा होती, आणि ते उंचावरून सूर मारणं, पडणं, वाहनाचा अपघात यांतले होते. तलावाच्या उथळ टोकाला कोणी सूर मारला तर फळी काढायची. इतरांच्या बाबतीत तिच्यापायी श्वास उशिरा देऊ नये.

“एकदा घेतलं की पाच वर्षं बघायला नको”

ऊन आणि खारी हवा कशालाच सोडत नाही. ट्यूबच्या फोमला भेगा पडतात, पट्ट्याची शिवण उसवते, बकल गंजतं, वॉकीटॉकीची बॅटरी धरत नाही. रोज सकाळी ड्युटी सुरू करताना पट्टा जोराने ओढून पाहायचा, बकल लावून-काढून बघायचं, सिलिंडरचा काटा वाचायचा आणि वहीत नोंद करायची. संध्याकाळी सगळं गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचं. आणि साहित्याची पेटी टेहळणीच्या खुर्चीखाली असावी. चोरीच्या भीतीने ती कार्यालयात कुलपात ठेवली जाते, किल्ली शिपायाकडे असते आणि रविवारी, म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त गर्दी असते त्या दिवशी, शिपायाला सुट्टी असते. ती किल्ली कामावर येणाऱ्या पहिल्या जीवरक्षकाच्या गळ्यात, शिट्टीच्याच दोरीला असावी.