गाणे कुणाच्या मालकीचे?

शाळाशाळांतून पोरे 'हम होंगे कामयाब' म्हणतात. मूळ गाणे 'वी शॅल ओव्हरकम'. त्यामागचा घाम कुणी सांगत नाही. १९४५ साली अमेरिकेत चार्ल्सटनच्या सिगार कारखान्यातील कृष्णवर्णीय स्त्रिया संपावर गेल्या. थंडीपावसात चर्चमधले जुने गीत गात उभ्या राहिल्या आणि त्यातल्या 'मी'चा त्यांनी 'आम्ही' केला. एकटीचा आवाज मालक दाबतो, शेकडो कंठांचा कसा दाबणार? पुढे १९६० व १९६३ मध्ये एका प्रकाशन कंपनीने त्यावर कॉपीराइट नोंदवला! (रॉयल्टी चळवळीच्या निधीला जाई, हेही खरे.) २०१६ साली खटला झाला, २०१८ मध्ये तडजोडीने गाणे सर्वांचे झाले. आम्ही वकिली करतो, म्हणून विचारतो : आपल्या जलशांतली, वस्तीतल्या बायाबापड्यांनी रचलेली गाणी आज कुणाच्या नावावर आहेत?