कार्डांच्या गठ्ठ्यांपासून कंट्रोल-झेडपर्यंत

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला आली. बरीचशी मागावर लागली. उधना, लिंबायत, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात आजही घरात अहिराणी, खात्यावर (कारखान्यात) हिंदी आणि शेठशी गुजराती बोलणारी कुटुंबं आहेत. आधीच्या पिढीने संचे, म्हणजे माग, चालवले. पुढच्या पिढीतले काही जण संगणकासमोर बसून साडीचे पदर, काठ आणि बुट्टे रचू लागले. या कामात संगणकाने काय बदललं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, वेग वाढला. ते खरंच आहे. पण गेल्या चाळीसेक वर्षांची मोठी कमाई मला दुसरीच वाटते. चूक कापडावर उतरायच्या आधी दिसू लागली आणि डिझायनरला करून बघण्याची मुभा मिळाली.

संगणकाआधी सगळा मामला ग्राफपेपरचा होता. जॅकार्डच्या, म्हणजे ताण्याचे धागे नक्षीप्रमाणे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्राच्या, नक्षीत ग्राफवरची एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक हुक आणि एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक पिक. फूल काढून भागत नसे. फुलाच्या आत साटीन वीण की ट्विल, हे चौकोन रंगवून दाखवावं लागे. धागा बांधणीशिवाय लांबवर मोकळा राहिला तर नेसताना बांगडीत अडकणार, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासायची. मग ग्राफप्रमाणे भोकं पाडून कार्डं करायची, एका पिकाला एक कार्ड. चाळीस इंचांच्या पदरात इंचाला साठ पिक धरले तर २,४०० कार्डं झाली. ती ओवायची आणि जॅकार्डवर चढवायची. एका पाकळीचं टोक बदलायचं ठरलं, तर त्या पाकळीतून जाणारी सगळी कार्डं पुन्हा पाडावी लागत. त्यामुळे माणूस नवं काही करायला कचरत असे.

जोसेफ मारी जॅकार्डने फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास रूढ केलेली ही कार्डांची पद्धत पावणेदोनशे वर्षं टिकली. १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवला आणि कार्डाची जागा फाइलने घेण्याचा रस्ता खुला झाला. आपल्याकडे हे लोण सावकाश पोचलं. १९९९मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली, नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजात सवलत मिळू लागली आणि अशी यंत्रं घेणं अनेकांच्या आवाक्यात आलं. आज २,६८८ हुकांचा जॅकार्ड ही सुरतेत नवलाई राहिलेली नाही. मोकळा राहिलेला लांब धागा सॉफ्टवेअर स्वतः शोधून दाखवतं. पाकळीचं टोक बदललं की फाइल पुन्हा सेव्ह करायची आणि मागावर पाठवायची.

छपाईच्या नक्षीत हीच वाटचाल फोटोशॉपच्या आवृत्त्यांमधून दिसते. १९९०च्या पहिल्या आवृत्तीत थर नव्हते. ते १९९४मध्ये आले. त्यामुळे जमीन, बुट्टा आणि जाळ वेगवेगळे ठेवता येऊ लागले आणि एकाच नक्षीची चार-सहा मॅचिंग (रंगसंगती) काढणं सोपं झालं. १९९८पर्यंत मात्र कंट्रोल-झेडने मागे जाता येई ते एकच पाऊल. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीत हिस्टरी आली आणि वीस पावलं मागे फिरता येऊ लागलं. २०२०मध्ये पॅटर्न प्रिव्ह्यू आला. रेपिटचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचा, सांधा जुळतोय की नाही, हे आता नक्षी काढता काढताच दिसतं. मूळ आकृतीत केलेला बदल तिच्या सगळ्या प्रतींमध्ये आपोआप उतरावा, ही कल्पना आयव्हन सदरलँड यांनी १९६३मध्ये एमआयटीत स्केचपॅड या प्रणालीत दाखवली होती. एक बुट्टा सुधारला की साडीभरचे बुट्टे सुधारतात, त्यामागे तीच कल्पना आहे.

सगळ्यात बारीक फरक एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगमध्ये, म्हणजे चित्राचे मशीनसाठी टाके करण्यात, पडला. पूर्वी चित्र मोठं करून टाका न्‌ टाका नोंदवायचा, मग कागदी पट्टीवर भोकं. पुढे फ्लॉपी आली, नंतर पेनड्राइव्ह. पण माध्यमापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सॉफ्टवेअरला आकार कळू लागला. चार सेंटिमीटरचा बुट्टा दोनचा करायचाय असं समजा. फाइलमध्ये नुसते टाके असतील तर तेवढेच टाके अर्ध्या रुंदीत कोंबले जातात. धागा साचतो, सुई तुटते, जॉर्जेटला भोकं पडतात. आकार जपणाऱ्या फाइलमध्ये टाक्यांमधलं अंतर कायम राहतं आणि संख्या नव्याने मोजली जाते. धाग्याच्या ओढीने गोल बुट्टा लंबगोल होतो, म्हणून तो आधीच थोडा रुंद धरायची सोयही असते. किती रुंद, हे मात्र कापड हाताळलेला माणूसच ठरवतो. सिफॉनचा आकडा नेटला चालत नाही.

ही कारागिरी पैशातही मोजता येते. वीस हजार टाक्यांची नक्षी मिनिटाला आठशे टाक्यांनी पंचवीस मिनिटं घेते. सुईचा रस्ता नीट आखून दहा टक्के टाके वाचवले, तर प्रत्येक फेरीला अडीच मिनिटं वाचतात. दिवसभर चालणाऱ्या मशीनवर तो खूप मोठा वेळ आहे. तो मिळतो डिझायनरच्या नजरेमुळे. सॉफ्टवेअर तिला साथ देतं.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. वाचलेला वेळ डिझायनरच्या वाट्याला फारसा आला नाही. नक्षी लवकर होते म्हणून दिवसाला जास्त नक्षी मागितल्या जातात, आणि फाइलची नक्कल क्षणात होते म्हणून तिचा भावही पडतो. करून बघण्याची जी मुभा इतक्या वर्षांत मिळाली, ती अशाने हातची जाईल. खात्याच्या मालकांनी सँपलिंगचा, म्हणजे नमुने करून बघण्याचा, वेळ कामातच धरावा आणि त्याचे पैसे द्यावेत. शिकवणाऱ्यांनी मुलांना शॉर्टकट शिकवायच्या आधी महिनाभर मागाजवळ आणि मशीनजवळ उभं करावं. पडद्यावरचे मेनू बहुतेक इंग्रजीत असतात. बारावी सोडून आलेली मुलं ते शेजाऱ्याचं बघून पाठ करतात आणि तरबेज होतात. त्यांना मराठीत, हिंदीत, गुजरातीत नीट समजावणारं शिक्षण मिळालं, तर ती कोणत्या बटणाने काय होतं एवढ्यावर थांबणार नाहीत, ते का होतं हेही सांगतील. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पुढची सुधारणा ठरवताना बमरोलीतल्या या मुलांशेजारी बसून त्यांचं काम बघावं. नक्षी कुठे अडते, हे त्यांना रोज दिसतं.