जशी आहे तशी

आमच्या दारातली डिझेल पिकअप गेल्या मार्चमध्ये विकली. नऊ वर्षं बाबा तिच्यातून बेळगावच्या मार्केटमधली भाजी चोर्ला घाटाने म्हापशाला पोचवत होते. आता गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नव्हता. ऑपरेशन ठरलं होतं आणि गाडीचे पैसे त्याच खर्चात धरले होते. विक्रीचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाला, घरूनच काम करतो, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामाच!

फोटो काढले, किंमत लिहिली ४ लाख १० हजार आणि खाली ठळक अक्षरांत टाकलं, ‘गाडी जशी आहे तशी’. एवढं लिहिलं की आपण मोकळे, असं मला वाटत होतं.

चंदगडकडचा एक तरुण रविवारी दहाला मिस्त्रीला घेऊन येणार होता. त्याला रताळी आणि काजूची वाहतूक करायची होती. मी साडेनऊलाच गाडी चालू करून ठेवली. त्याला कारण होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या की दाब कमी पडतो. मग गार इंजिन सुरू व्हायला वेळ घेतं आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं. एकदा तापलं की हे सगळं झाकलं जातं.

काठी टेकत बाबा बाहेर आले. “बंद कर ती.”

“बाबा, जाहिरातीत जशी आहे तशी लिहिलंय की!”

“मग जशी आहे तशीच दाखव की. तू तर गरम करून दाखवायला लागलायस.”

त्यांची पहिली गाडी त्यांनी अशीच तापवलेली घेतली होती. दुसऱ्याच आठवड्यात ती घाटात बंद पडली आणि टोमॅटोचा सगळा माल जागेवर सडला. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या सकाळी सोयीस्करपणे विसरलो होतो.

मिस्त्रीने आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला बोलायला सुचेना. बाबाच म्हणाले, “पोरानं चालू केली होती. जेवून घ्या, गार झाली की पुन्हा मारा.”

तोवर मी कागदावर दोषांची यादी केली. आमच्या धंद्यात नवी आवृत्ती देताना ज्ञात दोषांची यादी सोबत देतात. तीच सवय इथे का लाजली कोण जाणे! सकाळी पांढरा धूर, बॅक कॉम्प्रेशन, पूर्ण लोडवर घाटात तापमानाचा काटा वर जातो, मागच्या उजव्या पाट्याचं एक पान बदललेलं, हौद्याच्या तळाला गंज. दुपारी मिस्त्रीने गाडी मारली, ऑइलचं झाकण काढून धूर बघितला आणि यादीवर मान डोलावली. व्यवहार ३ लाख ७० हजाराला ठरला.

ते गेल्यावर मी कुरकुरलो, “चाळीस हजार गेले.” बाबा म्हणाले, “भरल्या गाडीनं घाटात जाणार तो. त्याला कळायला नको?”

नंतर मी कायदा वाचला. १९३० च्या माल विक्री कायद्यात घेणाऱ्याने पारखून घ्यावं हेच मूळ तत्त्व आहे. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवण्यासाठी माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच. म्हणजे बाबांचं बरोबर होतं.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांसाठी कागदपत्रांचंही सांगतो. गाडी केए-२२ आणि घेणारा महाराष्ट्रातला, म्हणून फॉर्म २९ आणि ३० सोबत फॉर्म २८ वरची एनओसी लागते. कर आणि चलन बाकी नको. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन बोजा उतरवून घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करायला घेणाऱ्याने १४ दिवसांत अर्ज द्यावा. फास्टॅग बंद करा. ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ‘करू नंतर’ म्हणू नका. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. दोषांच्या यादीवरही सही घ्या. ती दोघांनाही राखते.

आम्ही हे सगळं केलं. ऑपरेशनला कमी पडलेले चाळीस हजार मी घातले. जूनमध्ये त्या तरुणाने नव्या आरसीचा फोटो पाठवला. पहिल्या महिन्यातच त्याने इंजिनाचं काम करून घेतलं होतं. बाबा तेव्हा वॉकर धरून अंगणात चालत होते. मी फोटो दाखवला तर म्हणाले, “ते राहू दे. घाटात काटा वर जातो का, विचार त्याला.”

विचारलं. आता जात नाही म्हणाला.