विश्लेषण : कंबरदुखीत नस ‘दबते’ म्हणजे नेमके काय? फिजिओथेरपीने ती मोकळी होते का?

कंबरेतली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरली, पावलाला मुंग्या येऊ लागल्या की एमआरआय काढला जातो. अहवालात गादी सरकून नस दबल्याचा उल्लेख दिसतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नाही. दुसरा म्हणतो, महिनाभर पाठ टेकून पडून राहा. बहुतेक रुग्णांना या दोन्हींची गरज नसते.

नस खरेच दबते का?

बोलीभाषेत रक्तवाहिनीलाही नस म्हणतात. इथे अभिप्रेत आहे तो मज्जातंतू. कंबरेच्या मणक्यांमधील गादीचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटून गर बाहेर आला की शेजारून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला तो भिडतो. अमेरिकेतील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये हे मांडले आणि सायटिकाचे कारण म्हणून सरकलेली गादी सर्वतोमुखी झाली.

पण दाब ही अर्धीच गोष्ट आहे. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर नस दबून पाय बधिर होतो, मात्र सायटिकासारखी जीवघेणी कळ येत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी १९९३ मध्ये डुकरांवरील प्रयोगात गादीतला गर कोणताही दाब न देता मज्जातंतूच्या मुळावर ठेवला. तरीही त्यातून संदेश जाण्याचा वेग मंदावला. म्हणजे हा गर रासायनिकदृष्ट्याही नसेला चिडवतो, तिला सूज आणतो. सुजलेल्या नसेला मग एरवीची हालचालही सोसत नाही. खोकला, शिंक, दुचाकीचा खड्ड्यातला हादरा, काहीही पुरते.

एमआरआयमध्ये दिसते तेच दुखण्याचे कारण?

नेहमी नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विसाव्या वर्षी सुमारे ३० टक्के, तर ऐंशीव्या वर्षी ८४ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली आढळली. त्यामुळे कळ कुठून कुठे जाते, पायाची ताकद आणि संवेदना कशी आहे, सरळ पाय उचलल्यावर काय होते, हे तपासल्याशिवाय नुसत्या अहवालावर निष्कर्ष काढता येत नाही.

फिजिओथेरपिस्ट गादी आत ढकलतात का?

हा सर्वात मोठा गैरसमज. बाहेर आलेला गर कोणी हाताने आत बसवत नाही. शरीराला तो परका वाटतो आणि संरक्षक पेशी काही महिन्यांत तो बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. गंमत म्हणजे नुसत्या फुगवट्यापेक्षा पूर्ण तुटून बाहेर पडलेला तुकडा असा विरघळण्याची शक्यता जास्त असते. अहवालातले भीतीदायक शब्द इथे उलटे ठरतात.

या काळात फिजिओथेरपी नसेला हलते ठेवते. नस ही दोन टोकांना बांधलेली दोरी नव्हे. पाय उचलताना तिचे मूळ काही मिलीमीटर सरकते. सुजेमुळे हे सरकणे अडते. त्यासाठी खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर आणि गुडघा वाकवताना मान खाली, असा व्यायाम देतात. एका टोकाला ताण वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो सैल होतो, त्यामुळे नस न ताणता सरकते. सगळ्यांना याचा सारखा गुण येत नाही. जोर लावून केला तर कळ वाढतेही.

दुसरी पद्धत अपघातानेच सापडली. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे १९५६ मध्ये रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे पायात कळ येणारा एक रुग्ण आला. पलंगाचे डोके आधीच्या रुग्णासाठी वर केलेले राहिले होते. हा त्यावर पालथा झोपला आणि त्याची कंबर मागे वाकली. काही मिनिटांनी आलेले मॅकेन्झी धास्तावले, पण रुग्णाची पायातली कळ गेली होती. त्यातून आलेली खूण आजही उपयोगी आहे. व्यायामानंतर दुखणे पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत वर सरकले, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण. दुखणे पायात खाली उतरू लागले तर तो व्यायाम थांबवून थेरपिस्टला सांगावे.

पट्टा, वजन लावणे, शेकाची यंत्रे?

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंबरदुखी आणि सायटिकासाठी पट्टा, वजन लावून ताण देणे, अल्ट्रासाउंड किंवा विजेच्या लहरींची यंत्रे देऊ नयेत. भर व्यायामावर असावा. आपल्याकडे मात्र अनेकदा तासभर यंत्रे आणि शेवटची पाच मिनिटे व्यायाम असे चालते. तसे असेल तर विचारायला संकोच करू नये.

शस्त्रक्रिया कधी?

नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबून पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, हेही खरे. म्हणजे कळ असह्य असेल तर शस्त्रक्रिया निवडणे चूक नाही.

थांबून चालत नाही ते वेगळ्याच वेळी. चालताना चप्पल पायातून निसटू लागली, टाचेवर उभे राहता येईना, तर पाऊल उचलणारी नस कमजोर होत असते. डॉक्टरांना लगेच दाखवावे. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूची आणि बैठकीची जागा बधिर झाली, तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा संपूर्ण जुडगाच दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी फिजिओथेरपीच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर हा ताबा कायमचा जाऊ शकतो.