प्रवेश मिळाला, पण वर्ष संपले नाही



आपल्या कार्यक्षेत्रातल्या काही घरांतली मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीला आहेत आणि त्यांची पोरे तिथल्या शाळेत शिकत आहेत. डिसेंबरात फोन येतो, "आजोबा, मला कॉलेजात प्रवेश मिळाला!" इकडे पेढे वाटले जातात. शाळा मात्र अजून पाच-सहा महिने चालायची असते. पोरगं म्हणतं, आता अभ्यास कशाला? आई-बाप रागावतात, आणि नातू आजोबांना मध्ये घालतो. आजोबांनी बाजू कोणाची घ्यावी, ते ठरवायला ही माहिती उपयोगी पडेल.

तिकडची रीत अशी. बारावीचे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि मे-जूनमध्ये संपते. आपल्यासारखी शेवटी एकच बोर्डाची परीक्षा नसते; नववीपासूनचे गुण कॉलेज पाहते. काही मुले लवकरचा अर्ज करतात. त्याची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, आणि उत्तर येते डिसेंबरच्या मध्याला. म्हणजे कॉलेज निर्णय घेते तेव्हा बारावीचे निम्मे वर्षही झालेले नसते.

म्हणून हा प्रवेश सशर्त असतो. उरलेले वर्ष नीट पार पाडाल, या भरवशावर जागा दिलेली असते. सहामाहीचे गुण शाळा कॉलेजला कळवते आणि वर्ष संपल्यावर अंतिम गुणपत्रकही पाठवते. आपल्या भाषेत सांगायचं तर, उसाची नोंद झाली म्हणजे ऊस गाळला गेला असं नाही. नोंद झाली म्हणून कोणी पाणी तोडतो का? खरा हिशेब काट्यावरच होतो.

आता घसरले तर काय होते? 'ए' श्रेणीऐवजी एखादी 'बी' आली तर सहसा कोणी विचारत नाही. पण चांगल्या मुलाला एकदम 'डी' मिळाली किंवा तो एखाद्या विषयात नापास झाला, तर कॉलेज खुलासा मागते. फारच बिघडले तर प्रवेश रद्दही करते. असे थोड्यांच्याच बाबतीत घडते, पण ज्याच्यावर येते त्याची पंचाईत मोठी. कारण ते पत्र येते उन्हाळ्यात, जून-जुलैत. लवकरच्या अर्जाचा एक प्रकार तर असा, की तिथे प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. मग ही जागा गेली तर दुसरे दार उघडे नसते.

दुसरी गोष्ट विषयांची. वर्षभर कोणते विषय घेणार, ते अर्जात लिहून दिलेले असते. मध्येच अवघड गणित सोडून हलका विषय घ्यायचा असेल, तर आधी कॉलेजला विचारावे. घरात आजारपण किंवा अडचण आली, तरी शाळेतल्या समुपदेशकाला वेळीच सांगावे. आधी सांगितलेले कारण ऐकले जाते; मागाहून सांगितले तर ती सबब वाटते.

यात फायदाही आहे. तिकडे शाळेतच कॉलेजच्या तोडीचे काही विषय घेता येतात. त्यांची परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ असतात. ४ किंवा ५ मिळाले, तर पुष्कळ कॉलेजे तो विषय झाला असे धरतात. तेवढी फी वाचू शकते.

आपल्याकडेही असंच होतं. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत होते. त्यात चांगले गुण पडले की पोरं बारावीकडे पाठ फिरवतात. पण आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. कोरोनामुळे ही अट २०२० ते २०२२ शिथिल होती. २०२३ पासून पुन्हा लागू झाली.

तेव्हा आजोबांनी आई-बापांची बाजू घ्यावी, पण पोराला दमही खाऊ द्यावा. जादा शिकवण्या बंद केल्या तरी चालेल. शाळा आणि गृहपाठ बुडवू नये. पेढे जरूर वाटा. मात्र पट्टा पडेपर्यंत हंगाम चालूच आहे, एवढं त्याला फोनवर सांगा. आजोबांचं ते ऐकेल.